कोंबडीचा पाय

"पाय मोडलाय हिचा," असं म्हणून त्यानं टॉवेलात गुंडाळलेली कोंबडी माझ्या पुढ्यात ठेवली.

मी मान वर केली नाही. माझ्या हातात लाकडी आंबा होता आणि त्याचा देठ काही केल्या सरळ बसत नव्हता. "गुरांचा दवाखाना तलावाच्या पलीकडे," मी म्हटलं. "आम्ही लाकडाची कामं करतो."

"म्हणूनच इथे आलो," तो म्हणाला आणि टॉवेल उलगडला.

कोंबडी लाकडाचीच होती. दीड वीत उंच, मान ताठ, छाती पुढे. एके काळी तिच्यावर सोन्याचा वर्ख असावा, आता तो पिसापिसांच्या खाचांत उरला होता आणि बाकी सगळीकडे लाकूड उघडं पडलं होतं. एक पाय शाबूत, दुसरा गुडघ्याखाली मोडलेला. शिवाय कागदाच्या पुडीत एक पिल्लू, तेही खालच्या बैठकीपासून निखळलेलं. मग मी वर पाहिलं. दारातून आत यायला ज्याला वाकावं लागलं असेल असा एक उंच तरुण माझ्यासमोर उकिडवा बसला होता आणि आजाऱ्याच्या नातेवाइकासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता.

ही सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. सावंतवाडीच्या चितारआळीत आमचं तीन खोल्यांचं घर, पुढच्या ओसरीत काम, मागीलदारी आईच्या कोंबड्या. लाकडाची फळं, बाहुल्या, बैलगाड्या करायच्या आणि रंगवायच्या, हाच आमचा पिढीजात धंदा. वडील गेल्यावर आईनंच तो चालवला. तो तरुण घानाचा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला. वेंगुर्ल्याजवळ काजूच्या कलमांचं शिकायला दोन वर्षं राहिला होता आणि खाणावळीतल्या बायकांकडून आणि एका शाळामास्तरांकडून अशी दोन तऱ्हांची मराठी शिकला होता. गुरुवारी चारच्या एस्टीनं मुंबई, तिथून विमान. आज सोमवार. कॉलेजच्या निरोपसमारंभात त्यानं ही कोंबडी मांडून ठेवली होती आणि कुणाच्या तरी धक्क्यानं ती पडली.

"ही काठीच्या टोकावर बसते," तो सांगू लागला. "माझ्या मामाच्या घराण्याची आहे. आमच्याकडे काठीवरचा प्रत्येक प्राणी काहीतरी बोलतो. ही कोंबडी म्हणजे..."

"तुम्ही काळजी करू नका," मी त्याला मध्येच तोडलं. "आमच्या घरात सात पिढ्या कोंबड्या होतायत. गुरुवारी या आणि घेऊन जा."

"जशी होती तशीच हवी."

"तशीच मिळेल."

आता वाटतं, त्या माणसाला आणखी चार वाक्यं बोलू दिली असती तर माझं काय जाणार होतं? पण मला घाई होती, आणि घाईला कारण होतं. तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"नाव काय तुजा, झिला?" तिनं विचारलं.

"क्वाबेना. म्हणजे मंगळवारी जन्मलेला. आमच्यात वारावरून नाव ठेवतात."

"मग मंगेश म्हणतंय तुका," आई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पुढे म्हणाली, "कोणाक चाय होयी आसात तर चुलीर आसा."

तो भिंतीकडे बघायला लागला. त्याला काही समजावलं नाही, पण वाचणाऱ्यांना सांगते. त्या दिवशी माझ्या आणि आईच्या अबोल्याला बारा दिवस झाले होते. अबोला म्हणजे न बोलणं नव्हे. अबोला असला तरी घर चालवावं लागतंच. फक्त बोलायचं ते भिंतीशी, मांजराशी, नाहीतर दारात आलेल्या माणसाशी. आणि अबोल्याचा मुख्य नियम असा, की दुसऱ्या खोलीतलं ऐकू आलं तरी ऐकू आलं नाही असं धरायचं. तीन खोल्यांच्या घरात हा नियम पाळायला फार मोठी तपश्चर्या लागते.

अबोल्याचं कारण पणजीहून आलेलं पत्र. तिथल्या एका हस्तकला शाळेनं मला लाकूडकाम शिकवायला बोलावलं होतं. पत्र मी आईला वाचून दाखवलं. आई आमसुलं उलटत होती, तिनं हात थांबवला नाही. "शिकवतली कोणाक?" ती म्हणाली. "आपणाक तरी येता?"

बस, एवढंच. पण ते मला इतकं झोंबलं की मी जेवणाच्या पानावरून उठले. दहा वर्षांची असल्यापासून मी तिच्या हाताखाली. पेरू केला की ‘पेरू न्हय, बटाटो’. बैल केला की ‘ह्येका संधिवात झालो हा’. चौदा वर्षांत एकदाही ती ‘बरं झालंय’ असं म्हणाली नव्हती. खरं सांगते, मला पणजीच्या पगाराचं अप्रूप नव्हतं, गावाचंही नव्हतं. मला तिच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं की वैजू, तुझा हात चांगला आहे. ते ऐकलं असतं तर मी आनंदानं गेले असते, किंवा आनंदानं राहिलेही असते. न ऐकता जायचं म्हणजे पळून जाणं, आणि मला पळायचं नव्हतं.

म्हणून ती कोंबडी मला देवानं धाडल्यासारखी वाटली. परमुलखातलं काम, बाहेरचं गिऱ्हाईक, आणि आईचा हात न लागता मी एकटीनं करणार. तिनं बघावं आणि तिचं तिनं काय ते समजावं.

तीन दिवस मी त्या कोंबडीला खिळून होते. लाकूड आमच्या पांगाऱ्यासारखं हलकं, पटाशीखाली लोण्यासारखं जाणारं. मोडका पाय नीट पाहिला. त्याचा पंजा गायब. पिल्लू पाहिलं. पिल्लाच्या पाठीवर एक ओबडधोबड गाठ होती, तीन उंचवट्यांची. मी खूप विचार केला. कुणीतरी अडाण्यानं पूर्वी कधीतरी सरसानं चिकटवताना गठ्ठा ठेवला असणार, वर वर्ख मारून तो लपवला असणार. मी ती गाठ पटाशीनं उडवली, कानशीनं घासली, पाठ गुळगुळीत केली. इवलेसे पंख कोरले. मग कोंबडीच्या पायाला खुंटी मारून नवा पंजा केला आणि तो बैठकीवर रोवला. बैठकीवर कोंबडीच्या अगदी खाली एक खरबरीत डाग होता, पिल्लू बहुधा तिथे होतं. पण पिल्लू आईच्या पायाखाली कशाला असेल? कुठली आई पिल्लावर पाय देईल? करणाऱ्याची जागेची अडचण झाली असेल. मी तो डाग चिंचोक्याच्या खळीनं बुजवला आणि पिल्लू समोर, आईच्या चोचीखाली उभं केलं, मान वर करून आईकडे बघणारं.

खेळणी करणाऱ्यांची ही खोड. आमच्या हातून काही उग्र निघतच नाही. वाघ केला तरी त्याला कडेवर घ्यावंसं वाटतं. त्या दोघांकडे बघून मलाच भरून आलं. जशी होती तशीच हवी म्हणाला होता, मी त्याला होती त्याहून चांगली करून दिली होती.

बुधवारी संध्याकाळी मी कोंबडी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या फळीवर ठेवली. आई दोनदा तिथून गेली आणि एकदा थांबली. काही बोलली नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तिला खोट सापडली नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावला आणि मनातल्या मनात पणजीची ट्रंक भरायला घेतली.

गुरुवारी अकराला क्वाबेना आला. खांद्यावर बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी कोंबडी त्याच्या हातात दिली आणि कौतुकासाठी तयार होऊन बसले.

त्यानं ती फिरवून फिरवून पाहिली. मग हळूच ओसरीच्या पायरीवर बसला.

"फार सुंदर आहे," तो म्हणाला.

"मग?"

"पण ही माझ्या मामाची कोंबडी नाही, वैजूताई."

"म्हणजे काय? सगळं तर तेच आहे."

"हिचा पाय पिल्लावर होता," तो म्हणाला. "पाठीवर बोटं होती ना? तीन?"

ती गाठ. ते तीन उंचवटे मी स्वतःच्या हातानं कानशीनं घासून केराच्या टोपलीत टाकले होते.

मग त्यानं सोमवारी अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं. त्याच्या मुलखात अशी म्हण आहे, की कोंबडी पिल्लावर पाय देते, पण मारायला नव्हे. आईबाप, वडीलधारे दाबतात ते जपण्यासाठीच, एवढाच त्या शिल्पाचा अर्थ. आणि त्यांच्यात बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. हा दोन वर्षांपूर्वी कॉलेज सोडून बँडमध्ये ढोल वाजवत हिंडत होता. मामानं भर घरात, सगळ्या नात्यागोत्यासमोर याची अशी काही खरडपट्टी काढली की हा तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी मामानं याचं इथे येणं ठरवलं, आणि निघताना काही न बोलता ती कोंबडी याच्या बॅगेत ठेवली. परत येशील तेव्हा घेऊन ये, एवढंच म्हणाला.

"मोडकी नेली असती तरी चाललं असतं," क्वाबेना म्हणाला. "मामा म्हणाला असता, ठीक आहे, मोडली. पण ही अशी नेली तर तो काय वाचेल? भाचा शिकून आला आणि त्यानं माझा पाय काढून टाकला. पिल्लू आता मोठं झालं, आईच्या डोळ्याला डोळा भिडवतंय."

मी ते पिल्लू पाहिलं. मान वर करून खरंच ते आईच्या डोळ्याला डोळा भिडवत होतं. मी किती हौसेनं केलं होतं ते.

तेवढ्यात आई बाहेर आली. नियम होता, ऐकू आलं तरी ऐकू आलं नाही असं धरायचा, पण तिनं तो मोडला. क्वाबेनाच्या हातातून कोंबडी घेतली, उजेडाकडे धरली.

"ह्या कोणी केल्यान?" तिनं त्याला विचारलं, जणू घरात दहा कारागीर होते.

त्यानं माझं नाव घेतलं नाही. माणूस भला होता.

"कोंबडी पिलार पाय दिता म्हणान काय पिलू मरता?" आई म्हणाली. "माझ्या मागीलदारी बघ जा, दिसाक धा येळा देता. काल माका वाटलाच, हिचो भार असो कसो." मग तिनं कोंबडीच्या शाबूत पायावर बोट टेकवलं. "ह्यो बघ. सगळो भार ह्या पायार. कमर हडे कललेली. दुसरो पाय नुसतो टेकवलेलो. करणारो कोण तो, शाणो होतो."

मी मान पुढे करून पाहिलं. तीन दिवस ती कोंबडी माझ्या हातात होती आणि तिची कंबर एका बाजूला कललेली मला दिसली नव्हती. लाज वाटली मला, खूप लाज वाटली. पणजीला जाऊन मी पोरांना काय शिकवणार होते?

"काकी, तुम्ही कराल का दुरुस्त?" क्वाबेनानं विचारलं. "चारची गाडी आहे."

"जेना बिघडवल्यान, तेनाच करूक व्हया," आई म्हणाली. "सांग तिका." आणि ती मागीलदारी आमसुलांकडे निघून गेली.

तो माझ्याकडे वळला. शाळामास्तरांच्या मराठीत म्हणाला, "काकी म्हणतात, हे काम तुमच्याहून चांगलं कुणी करू शकणार नाही."

मला इतक्या अडचणीतही हसू आलं. मी पटाशी उचलली.

त्यानंतरचे चार तास मी जन्मात विसरणार नाही. मी ओसरीत कामाला बसले, आई मागीलदारी, आणि तो सहा फुटी माणूस मधल्या खोलीतून वाकून वाकून इकडून तिकडे. मी रोवलेला पंजा काढायचा होता, पिल्लू पुन्हा पायाखाली न्यायचं होतं, आणि घासून टाकलेली बोटं नव्यानं कोरून पिल्लाच्या पाठीवर अशी बसवायची होती की ती वरच्या पायाचीच वाटावीत. तास झाला की आई हातातलं काम त्याच्याबरोबर मागवी, बोटांनी चाचपे आणि निकाल देई.

"तिका विचार, घाई कित्याक? कोणाचा लगीन आसा?" मागून आवाज आला.

तो येऊन म्हणाला, "काकी म्हणतात, वेळ भरपूर आहे. मन शांत ठेवा."

"तिका सांग, आंगठो न्हय, केळा झाला."

"काकी म्हणतात, अंगठा भरदार आलाय. थोडा सडपातळ केलात तर अधिक शोभेल."

"सांग तिका, गाढवाक गुळाची चव काय."

तो मधल्या खोलीतच थबकला. बराच वेळ आला नाही. मग येऊन म्हणाला, "काकींनी गुळाचा उल्लेख केला. मला वाटतं चहा ठेवतायत."

मी पटाशी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून हसले. "अहो, मला सगळं ऐकू येतं," मी म्हटलं. "तुम्ही पदरचं घालताय."

"घालणारच," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या मामाचं कामच ते. आमच्या गावचा प्रमुख लोकांशी थेट बोलत नाही आणि लोकही त्याच्याशी थेट बोलत नाहीत. मध्ये माझा मामा काठी घेऊन उभा. प्रमुख रागावून काहीतरी बोलतो, मामा ते लोकांना नीट करून सांगतो. लोक चिडून काहीतरी म्हणतात, मामा ते प्रमुखाला नीट करून सांगतो. त्याला आमच्यात ओच्यामे म्हणतात. शब्द जसेच्या तसे नेणारा माणूस काय, कुणीही मिळेल."

"आणि काठीवर प्राणी कशाला?"

"आज बोलणं कशाबद्दल आहे ते लोकांना आधीच कळावं म्हणून." सरस सुकेपर्यंत त्यानं मला त्या काठ्या सांगितल्या. हत्ती असलेली काठी म्हणजे हत्तीमागून चालणाऱ्याला दव लागत नाही, मोठ्याच्या आडोशानं राहा. पक्ष्याला धरलेला साप म्हणजे धीर धर, जमिनीवर सरपटणाऱ्याच्याही तावडीत उडणारा कधीतरी सापडतो. कोंबडा आणि कोंबडी शेजारी शेजारी म्हणजे उजाडलं हे कोंबडीलाही कळतं, पण आरवायचं ती कोंबड्यावर सोडते.

मागून आई म्हणाली, "तेका सांग, आमच्याकडे कोंबो झाकून ठेवलो तरी उजाडता."

या वेळी तिनं ‘तेका सांग’ कुणाला म्हटलं, हे तिलाही कळलं नसावं. तिथे सांगायला मांजराखेरीज कुणी नव्हतं. क्वाबेना मात्र खूश झाला, खिशातून वही काढून त्यानं ते लिहून घेतलं.

अडीच वाजता बोटं बसली. नाजूक, तीन, पिल्लाच्या पाठीवर टेकलेली. मला बरी वाटली. मागून निरोप आला तो मात्र त्यानं बदलला नाही, कारण त्यालाही तो नीट कळला नव्हता.

"काकी म्हणतात, पाय दिसूक व्हयो, भार पडूक नको. कागद घालून बघ म्हणतात."

मला कळलं. लहानपणी बैलगाडीचं चाक बसवताना ती हेच करायची. मी पतंगाचा कागद घेतला, त्याची बारीक पट्टी कापली आणि पिल्लाची पाठ आणि पंजा यांच्यामध्ये सरकवून पाहिली. अडकली. म्हणजे पाय पिल्लाला दाबत होता. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं, पण एस्टीचा एक धक्का बसला असता आणि पिल्लू पुन्हा निखळलं असतं. मी बोटांच्या खालची बाजू काचपेपरनं घासली, अगदी केसभर. पुन्हा कागद. पुन्हा अडकला. घामानं हात ओले झाले, ते पदराला पुसले. पुन्हा घासलं. सव्वातीनला कागद अलगद या बाजूनं शिरला आणि त्या बाजूनं बाहेर आला. आणि वरून पाहिलं तर कोंबडीनं पिल्लाला चांगलं दाबून धरलंय, असंच दिसत होतं.

मी कोंबडी क्वाबेनाकडे दिली. तो ती दोन्ही हातांत धरून मागीलदारी गेला.

मी ऐकत होते. नियम गेला चुलीत, कान टवकारून ऐकत होते. पण आई या वेळी काही मोठ्यानं बोलेना. कोंबड्यांचा आवाज येत होता, आमसुलांच्या चटईची खसफस येत होती. मग आई काहीतरी पुटपुटली, अगदी हळू, आणि मला एक अक्षर कळलं नाही. मला वाटलं, संपलं. पुन्हा काहीतरी चुकलंय आणि आता वेळ उरलेला नाही. मी हत्यारं गोळा करायला लागले. डोळे भरून आले होते, ते त्यानं पाहू नयेत एवढीच इच्छा होती.

क्वाबेना परत आला. त्यानं कोंबडी टॉवेलात गुंडाळली, बॅगेत ठेवली, चेन लावली. मग माझ्यासमोर सरळ उभा राहिला. हातात काठी नव्हती, पण असल्यासारखा उभा राहिला.

"काय म्हणाली?" मी विचारलं. "आणि आता गोड करू नका. मला खरं ऐकायचंय."

त्यानं घसा खाकरला. शाळामास्तरांची मराठी बाजूला ठेवली आणि आईचे शब्द आईच्याच बोलीत, तिच्याच हेलात, एकेक करून माझ्यापुढे ठेवले.

"हात बरो आसा तिचो. माका सांगूक येणा नाय. तूच काय ता गोड करून सांग."

मी खाली बसले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. चौदा वर्षं मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं, आणि ज्या बाईला ते म्हणता आलं नव्हतं तिची मला पहिल्यांदाच दया आली. दारात आलेला माणूस लागला तिला, समुद्रापलीकडून आलेला. तिनंही दिवसभर सगळं ऐकलं होतं, माझं हसणंसुद्धा. आणि तो पोरगा कसा गोड करतो हे ऐकून ऐकूनच तिला ही बुद्धी झाली होती.

"यात तुमचं काही नाही?" मी विचारलं.

"यात घालायला काही जागाच नव्हती," तो म्हणाला.

मी तोंड धुतलं आणि मागीलदारी गेले. आई चटईवर बसून आमसुलं उलटत होती. तिनं वर पाहिलं नाही. मी तिच्याशेजारी बसले आणि दुसऱ्या टोकापासून उलटायला लागले. चार-पाच ओळी झाल्या असतील.

"पणजेक थंडी नसता," आई म्हणाली. "गोधडी नको न्हेव."

"नेणार," मी म्हटलं.

तेराव्या, चौदाव्या नाही, बरोबर पंधराव्या दिवशी आम्ही एकमेकींशी बोललो ते हे. जूनमध्ये मी पणजीला गेले आणि पुढची एकोणीस वर्षं पोरांची फळं आणि बैल उजेडाकडे धरून त्यांतल्या खोटी काढल्या. पण ते पुढचं. त्या घटकेला पावणेचार वाजले होते.

"एस्टी चुकतली तेची," आई माझ्याकडे बघून म्हणाली. "सांग तेका."

मी ओसरीत आले. क्वाबेना बॅग खांद्याला लावून उभाच होता.

"काकी काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"आई म्हणते," मी सांगितलं, "मंगेशा, हे घर तुझंच आहे. मामाला नमस्कार सांग. आणि परत कधीही ये, तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसेन."

मागीलदारी आईला ते सगळं ऐकू गेलं. तिनं त्यातलं एक अक्षरही खोडलं नाही.